तलावावरच्या काकांस अनावृत पत्र

ती. स्व. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या तुकडीतल्या सातजणी ग्वाल्हेरला जमलो होतो. आधी मुलं, सुना, गुडघेदुखी असं सगळं झालं. मग बोलण्याची गाडी महाविद्यालयाच्या पोहण्याच्या तलावावर आली आणि रात्रीपर्यंत तिथून हलली नाही. काका, त्या दिवशी मला एक गोष्ट पहिल्यांदा कळली. तुम्ही फक्त मलाच पोहायला शिकवलंत, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते. त्या सातजणींपैकी चौघींना तसंच वाटत होतं. एकीला तुम्ही वर्ग सुटल्यावर थांबवलं होतंत, दुसरीला पहाटे बोलावलं होतंत, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचा नातू म्हणाला, तुम्हाला हल्ली अक्षर लागत नाही. त्यानंच हे वाचून दाखवावं, आणि सावकाश वाचावं.

मी १९८४ च्या जुलैत लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण महाविद्यालयात आले. धावणं, कबड्डी, खो-खो कशालाच मी मागे नव्हते. पाण्याला मात्र भ्यायचे. लहानपणी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजातल्या आमच्या वाड्याच्या बावडीत बादली सोडताना मी पाय घसरून पडले होते. आजोबांनी वेणीला धरून वर काढलं. त्यानंतर गुडघ्याच्या वर पाणी लागलं की छाती आवळून यायची. पोहण्याचं प्रात्यक्षिक तर सगळ्यांनाच होतं. पहिले दोन आठवडे मी काहीतरी कारण सांगून पायऱ्यांवर बसून राहिले.

तुम्ही पंपघरातून बघत होतात. तुमचं काम शिकवण्याचं नव्हतं. पाणी राखणं, गाळणं, तलाव वेळेवर उघडणं आणि बंद करणं, एवढंच तुमच्याकडे होतं. एक दिवस बाहेर येऊन तुम्ही विचारलंत, "लष्करची का गं तू?" हो म्हटल्यावर म्हणालात, "मग मराठीत बोलू." शिकवणाऱ्या मॅडमना विचारून तुम्ही माझ्यासाठी वर्गानंतरचा अर्धा तास मागून घेतलात.

आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही मला आठवडाभर पाण्यात उतरवलंच नाहीत! आधी पाणी दाखवलंत. पावसाळ्यात ते गढूळ व्हायचं. तुम्ही फिटकरी सोडायचात (आमच्याकडे आई तिला तुरटी म्हणायची), आणि तासाभरात मातीचे बारीक कण एकमेकांना धरून कापसासारखे तळाकडे जायचे. मग वाळूची गाळणी. तिच्यावरचा दाबाचा काटा चढला की वाळू तुंबली, आता पाणी उलटं फिरवून ती धुवायची, हे तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. संध्याकाळी जंतू मारायला क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. संध्याकाळीच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "सकाळी टाकली तर ऊनच खाऊन टाकतं." क्लोरीन किती उरला ते बघायला परीक्षानळीत तलावाचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं झालं की तो रंग काचेच्या नमुन्यांशी जुळवायचा. फिकट पिवळा आला की तुमचा चेहरा खुलायचा. महिनाअखेरीस तो रंग मी तुमच्या आधी ओळखायला लागले. बावडीतलं पाणी काळं होतं, त्याला तळ नव्हता. या पाण्याचा तळ दिसत होता, आणि त्यात काय काय आहे ते मला माहीत होतं. माझी भीती तिथे पंपघरातच अर्धी उतरली होती.

मग कठड्याला धरून तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे. तुम्ही काठावर उकिडवे बसून मोजायचात, "एक, दोन, तीन, सोड." पाठीवर तरंगताना माझे पाय सारखे खाली जायचे. मी मान वर काढायचे, तसे ते आणखीच बुडायचे. तुम्ही म्हणालात, "हवा सगळी छातीत, जड हाडं सगळी खाली. हात डोक्यामागे ने, म्हणजे थोडं वजन वर येईल. आणि कान पाण्यात बुडू दे, पोरी." कान बुडाले, बाहेरचे आवाज गेले, आणि पाय आपोआप वर आले. पुढे वर्गात सरांनी गुरुत्वमध्य (शरीराचं वजन जिथे एकवटतं तो बिंदू) आणि उत्प्लावन केंद्र (पाणी जिथून वर उचलतं तो बिंदू) यांची आकृती फळ्यावर काढली तेव्हा मला ती नव्यानं समजून घ्यावी लागली नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला नोंदवही आणायला पाठवलंत. तारीख, क्लोरीन, पाण्याचं तापमान, आणि शेवटी ‘शेरा’ हा रकाना. तुम्ही लिहिलंत, "पाणी स्वच्छ. एक विद्यार्थिनी तरंगली." नाव लिहिलं नाहीत. गेल्या महिन्यातल्या भेटीत मी हे सांगितलं तेव्हा आमच्यातली एक रडायला लागली. तिनेही तेच वाक्य त्याच वहीत पाहिलं होतं, वेगळ्या तारखेला.

व्यायामशाळेचं सभागृह, तिथल्या मॅट, हिवाळ्यात तलाव बंद असताना ग्वाल्हेरच्या व्यापारी मेळ्याकडून ऐकू येणारे भोंगे, सगळं निघालं बोलण्यात. महाविद्यालय १९५७ मध्ये निघालं, अठराशे सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, हे आम्ही पाठ केलं होतं परीक्षेपुरतं. तुम्ही त्याला अर्थ दिलात. फूलबागेतल्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीकडे बोट करून म्हणायचात, "राणीसाहेबांनी या गावात देह ठेवला. इथे पोरींनी कुणाला भ्यायचं नाही." आणि लगेच, "पाण्याला भ्यालं तर चालेल, थोडे दिवस." आमच्या वेळी जीवाजी विद्यापीठाची पदवी मिळायची. १९९५ मध्ये संस्थेला स्वतःलाच विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्या बातमीनं मला आनंद झाला, पण आधी आठवलं ते तुमचं पंपघर.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलींना तलावावर नेलं की आधी गाळणी दाखवायची, मग बुडबुडे, मग कान पाण्यात. हात मारायला सगळ्यात शेवटी शिकवायचं. इतर शिक्षकांना हा वेळेचा अपव्यय वाटे. मी पद्धत बदलली नाही. मोजायचे मात्र मराठीतच, आणि हिंदी बोलणाऱ्या मुलीसुद्धा "एक, दोन, तीन, सोड" म्हणायच्या.

तेव्हा तुमचे आभार मानायचे राहिले, कारण शेवटच्या दिवशी तुम्ही गाळणी धूत होतात आणि हात ओले आहेत म्हणून नमस्कारही करू दिला नाहीत. तो नमस्कार बाकी आहे. येत्या रविवारी आम्ही चौघी तुमच्याकडे येतो आहोत. काकूंना सांगा, स्वयंपाकाची दगदग करू नका, पुरणपोळ्या आम्ही आणतो. आणि जुनी वही घरी कुठे असेल तर काढून ठेवा. नाव लिहायचं राहिलेल्या त्या जागांवर आम्हाला आपापली नावं लिहायची आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
१९८४ च्या तुकडीतली जनकगंजची पोर