मुलाखतीला जाण्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझ्या मुलाखतीची तारीख ठरल्याचे ताईकडून कळले. फोनवर अभिनंदन करून थांबता आले असते, पण गेल्या आठवड्यात जे घडले ते तुझ्याशिवाय कोणाला सांगावे हे मला सुचत नाही, आणि ते फोनवर सांगण्यासारखेही नाही. माझी तब्येत ठीक आहे, पाठदुखी आटोक्यात आहे, घरी सगळे मजेत आहेत.

आमच्या विभागातील एका जागेसाठी मुलाखती होत्या आणि मला प्रथमच टेबलाच्या पलीकडे, प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसवले होते. दुपारी एक उमेदवार आला. आवाज हळू, नजर टेबलावर, आणि उत्तर देण्याआधी बराच वेळ गप्प राहण्याची सवय. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मला तू दिसत होतास. ‘स्वतःबद्दल थोडे सांगा’ या पहिल्याच प्रश्नाला त्याने पाठ केलेले उत्तर दिले, तेही अडखळत, आणि माझ्या शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तेवढ्यावरच पेन खाली ठेवले. मी त्याच्या अर्जातील एक ओळ धरून विचारले की जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणताना आकडे जुळेनात, तेव्हा तुम्ही नेमके काय केले. तिथून पुढे जणू दुसराच माणूस बोलू लागला. कोणत्या नोंदी दोनदा आल्या होत्या, बेरीज बरोबर दिसत असल्यामुळे ती चूक कोणाच्याच लक्षात का आली नव्हती, आणि ती शोधण्यासाठी त्याने नोंदी तारखेऐवजी व्यवहाराच्या क्रमांकाने कशा लावून पाहिल्या, हे त्याने इतके स्वच्छ सांगितले की मला मध्ये बोलावेसे वाटेना. तरीही त्याची निवड झाली नाही. मी त्याच्या बाजूने बोललो, पुष्कळ बोललो, पण पहिल्या उत्तराने जे मत बनले होते ते शेवटपर्यंत हलले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण तुला वेगळे सांगायला नको.

नंतर मी या विषयावर बरेच वाचले. जेसन डॅना, रॉबिन डॉज आणि नॅथॅनियल पीटरसन यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात मुलाखत देणाऱ्यांपैकी काहींनी खरे उत्तर न देता एका गुप्त, निरर्थक नियमाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे होते. मुलाखत घेणाऱ्यांना ते ओळखता आले नाही, आणि समोरच्या माणसाची ओळख पटल्याची त्यांची खात्रीही कमी झाली नाही. हे वाचून मला आमच्या खोलीतील ती खाली ठेवलेली पेने आठवली. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. त्यातही सर्व उमेदवारांना ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणारी मुलाखत मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा अधिक भरवशाची ठरली. आमच्याकडे तशी पद्धत यावी यासाठी मी लेखी टिपण दिले आहे. पण तुझी मुलाखत घेणारे कोणत्या पद्धतीचे असतील हे तुझ्या हातात नाही, म्हणून माझी सारी काळजी तुझ्या तयारीपाशी येऊन थांबते.

तू म्हणशील, हा पुन्हा सुरू झाला. वसतिगृहाच्या गच्चीवर आपण यावरूनच भांडलो होतो आणि तुझे म्हणणे होते की तयार केलेले उत्तर म्हणजे अर्धे खोटे. मला ते तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. आपण केलेले काम दुसऱ्याला समजेल अशा क्रमाने सांगता येणे हा त्या कामाचाच शेवटचा भाग आहे. (त्या भांडणात तू माझी उशी खाली फेकली होतीस, ती अजून भरून द्यायची आहे.) खोटेपणा शिरतो तो शब्द पाठ करण्यात. त्या उमेदवाराने शब्द पाठ केले होते, म्हणून एक शब्द हरवताच मागचे सगळे कोसळले.

तेव्हा तू उत्तरे लिहून काढू नकोस. कामातले चार-पाच प्रसंग निवड: काहीतरी बिघडले आणि तू ते सावरलेस तो, सहकाऱ्याशी मतभेद झाला तो, अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागला तो, आणि अपयशाचाही एक. प्रत्येकात परिस्थिती काय होती, तुझ्यावर कोणती जबाबदारी होती, तू स्वतः काय केलेस आणि त्यातून काय निष्पन्न झाले, एवढे स्पष्ट असू दे. ‘आम्ही केले’ असे म्हणत राहण्याची तुझी सवय स्वभावाने सुंदर आहे, पण मुलाखतीत तिच्यामुळे तुझा वाटा दिसेनासा होतो. नंतर प्रत्येक प्रसंगाला दुसरा प्रश्न विचार: असेच का केले, दुसरा मार्ग का नाही, पुन्हा वेळ आली तर काय बदलशील? पहिल्या प्रश्नाची तयारी सगळेच करून येतात, आणि दुसरा प्रश्न विचारल्यावर ज्याने ते काम खरोखर केले आहे तोच बोलू शकतो. जाहिरातीतील कामाचे वर्णन समोर ठेवून त्यातल्या प्रत्येक अपेक्षेला यांपैकी कोणता प्रसंग लागू पडतो तेही पाहून ठेव.

‘स्वतःबद्दल सांगा’ याची मात्र मोठ्याने बोलून तालीम कर, कारण तुझे नुकसान तिथेच होते. दीड-दोन मिनिटे पुरतात: सध्या काय करतोस, त्याआधी काय केलेस, आणि ही जागा का हवी आहे. मनातल्या मनात वाचून ते जमल्याचा भास होतो, तोंडाने बोलल्यावरच कुठे अडते ते कळते.

वडिलांच्या आजारपणात नोकरी सोडल्यामुळे पडलेल्या खंडाबद्दल विचारतील, आणि तू लगेच अपराध्यासारखा आवाज करशील. तसे करू नकोस. घरच्या आजारपणामुळे थांबलो होतो, आता ती जबाबदारी उरलेली नाही, आणि मधल्या काळात अमुक शिकलो, असे दोन वाक्यांत सांगून कामाच्या विषयाकडे वळ. पगाराचा विषय त्यांनाच आधी काढू दे.

एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसे सांगायला घाबरू नकोस. १९२१ साली एडिसनने नोकरीच्या उमेदवारांसाठी काढलेल्या प्रश्नावलीतला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न आइन्स्टाइनला विचारला गेला, तेव्हा पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही, असे त्याने सांगितले होते. तू त्यापुढे एक वाक्य जोड, की हे मी अशा रीतीने शोधून काढीन. आणि उत्तरापूर्वीची ती शांतता तुझी स्वतःची आहे, ती सोडू नकोस, फक्त ‘मला क्षणभर विचार करू द्या’ एवढे म्हण, म्हणजे समोरच्याला ती अज्ञान वाटणार नाही.

धडधड होईलच. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत, ताणाच्या कामाआधी स्वतःला शांत राहायला सांगणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. तुला हे पोरकट वाटेल, तरी बाहेर बसलेला असताना म्हणून पाहा.

शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे विचारतील तेव्हा ‘नाही’ म्हणू नकोस. या जागेवर येणाऱ्याकडून पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षित आहे, एवढे तरी विचार. त्यांच्या उत्तरावरून तिथे काम करायचे की नाही हे तुलाही ठरवता येईल, आणि ठरवायचे तुलाही आहे.

वहिनींचे नवे काम कसे चालले आहे? लेकीला पोहता येऊ लागले हे ऐकून फार आनंद झाला. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा बायोडेटा मला आजच पाठव. रविवारी सकाळी मी फोन करीन आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर दुसरा प्रश्न विचारीन. तू चिडशील, पण फोन ठेवू नकोस.

तुझा,
वसतिगृहातला शेजारी