कपाटातली सनई

मिरज, २३ जून

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या सनईच्या आवाजावरून आलेल्या सोसायटीच्या नोटिशीबद्दल तू हसत हसत सांगितलेस, पण ते हसू मला काही खरे वाटले नाही. "थोडे दिवस कपाटात ठेवते, बाबा," हे तुझे वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिले. त्या 'थोड्या दिवसां'विषयी काही लिहायचे नाही, फक्त जागेचे बोलायचे, असे ठरवून बसलो आहे.

शेजाऱ्यांवर रागावू नकोस. निवासी भागासाठी २००० सालच्या नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे, आणि सनई तिच्या कितीतरी पुढे जाते. देवळाच्या दरवाज्यावरून साऱ्या गावाला ऐकू जावे म्हणून घडलेले ते वाद्य. दहा बाय बाराच्या खोलीत त्याने दबून कसे बोलावे? पितळी तोंडात फडके कोंबण्याचा तुझा प्रयोग फसणारच होता. ट्रंपेटचा सगळा आवाज पुढच्या तोंडातून येतो म्हणून तिथे म्यूट चालतो. सनईचा आवाज बोटांखालच्या उघड्या भोकांतूनही निघतो. भिंतीला अंड्यांचे ट्रेही लावू नकोस. त्यांनी खोलीतले घुमणे थोडे कमी होते, पलीकडे जाणारा आवाज थांबत नाही. आवाज फटींतून पळतो. दाराखालची फट बुजवलीस आणि माईच्या गोधड्या टांगल्यास तर थोडा फरक पडेल, पण थोडाच.

त्यापेक्षा नदीपात्र बरे. ढोलपथकांचा सराव संध्याकाळी असतो असे तूच म्हणालीस. मग सकाळी सहानंतरची वेळ मोकळी आहे. मात्र एकटी जाऊ नकोस, आणि खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की तिकडे फिरकूच नकोस; भिडे पूल पाण्याखाली जायला वेळ लागत नाही. पावसाळ्यासाठी तासावर भाड्याने मिळणारी सरावाची खोली बघ. पैसे मी देईन, आईला सांगू नकोस.

मला सर्वात पटते ते देऊळ. बिस्मिल्लाखाँसाहेबांचा रियाज बनारसच्या गंगाकाठच्या बालाजी मंदिरात चाले. तुझ्या घराजवळच्या एखाद्या देवळात पुजाऱ्यांना विचार की सकाळच्या पूजेला मी वाजवीन, त्या बदल्यात पुढचा अर्धा तास मला द्या. मागायला संकोच कसला? आबा तरी दुसरे काय करीत होते?

आणि जागा मिळेपर्यंत न फुंकता बोटे चालव, बंदिशी गात राहा, अर्धी भोके दाबून मींड काढण्याची सवय मोडू देऊ नकोस. ओठांची पकड मात्र फुंकल्याशिवाय टिकत नाही. आठ दिवस गेले की सूर हलू लागतो, महिना गेला की आपल्यालाच ऐकवेनासे होते, आणि मग माणूस कपाट उघडायचे टाळतो.

पुन्हा त्याच विषयावर आलो आणि वर उपदेशही केला, क्षमा कर. पण तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट आहे. १९८४ साली मुंबईच्या वसाहतीत खालच्या मजल्यावरच्या बाई हात जोडून वर आल्या; त्यांच्या मुलाची दहावीची परीक्षा होती. मी परीक्षा संपेपर्यंत म्हणून सनई धोतरात गुंडाळून ठेवली. मुलगा पास झाला, पेढे आले, आणि मी ती धोतरातून अकरा वर्षांनी बाहेर काढली, आबा गेले त्या दिवसांत, तीही दुसऱ्याच्या हातात देण्यासाठी. त्या अकरा वर्षांत आबांनी एकदाही विचारले नाही. विचारायला हवे होते असे हल्ली वाटते, म्हणून मी तुला विचारतो आहे. तुला जाच होत असेल, तरीही.

भोरच्या आत्याच्या घरी तू भूप वाजवलास तेव्हा मी मागीलदारी जाऊन उभा होतो. तुला वाटले, मला आवडला नाही. दारात उभे राहून ऐकणे मला झेपले नसते, इतकेच.

सोबत आबांच्या डबीतल्या सनईच्या चार पत्त्या पाठवतो आहे. वाजवण्याआधी नीट भिजव. त्यांतली एक चिरलेली आहे. ती वाजवू नकोस, पण टाकूही नकोस.

तुझा,
बाबा