‘आधी हे’

मॅडम,
स.न.

तुमच्या बदलीचा आदेश निघाल्याचं आज कळलं. निरोपाच्या कार्यक्रमात हार-नारळात बोलायचं राहून जातं, म्हणून हे पत्र.

मार्चअखेरच्या आठवड्यात लेखा विभागातल्या तुमच्या टेबलावर बिलांचा ढीग होता. त्यातून आमच्या प्रयोगशाळेचं द्रव नायट्रोजनचं बिल तुम्ही वर काढलंत आणि कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंत, ‘आधी हे’. त्याआधी एकच प्रश्न विचारला होतात, “रेघ कुठवर आलीय?”

हा प्रश्न लेखा विभागातून येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. रुग्णांच्या पेशींच्या कुप्या उणे १९६ अंशांवर कॅनमध्ये असतात. कॅनचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात, नाहीतर वायूच्या दाबाने कॅनच फुटायचं. त्यामुळे नायट्रोजन रोज थोडाथोडा उडतो. लाकडी पट्टी तळापर्यंत घालायची, काही सेकंद थांबायचं, बाहेर काढून हवेत हलवायची. पांढरी हिमरेघ उमटते, तीच पातळी. ती उतरत गेली आणि गाडी आली नाही, तर पेशी संपल्या. पुन्हा गोठवून उपयोग नसतो. रक्त पुन्हा घ्यावं, तर त्या रुग्णाचं औषध केव्हाच सुरू झालेलं. उपचारापूर्वीचा नमुना आता आणायचा कुठून? पुरवठादाराची दोन बिलं थकली की तो तिसरी खेप पाठवत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तुमच्या आधी त्याच टेबलावरून आमचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कुठे खर्च झालं याचा दाखला, तीनदा परत आलं होतं. एकदा व्याजासाठी, एकदा आगाऊ रकमेसाठी, एकदा शिक्क्यासाठी. तिन्ही त्रुटी पहिल्या दिवसापासून फाइलमध्येच होत्या. एकदम सांगितल्या असत्या तर कुणाचं काय गेलं असतं? शाईचा शेरा पडला की फाइल पुन्हा आवक-जावकची प्रदक्षिणा घालते. तुम्ही पेन्सिलने खुणा केल्यात, वर बोलावून घेतलंत आणि समोर बसवून दुरुस्त्या करून घेतल्यात.

त्या प्रमाणपत्राचा नमुना, जीएफआर १२-ए, भरताना काय चुकतं ते आता इथे सगळ्यांना पाठ आहे. उपकरणासाठी दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे खर्च नव्हे. यंत्र येऊन बसेपर्यंत ती वेगळी दाखवायची. अनुदानावरचं व्याज पुढच्या हप्त्यात वळतं करायचं नाही, हिशेब पूर्ण झाला की भारतकोश या सरकारी पोर्टलवर भरून पावती जोडायची. भांडवली आणि आवर्ती खर्च एका आकड्यात घालायचा नाही. यातलं एक जरी चुकलं तरी पुढचा हप्ता अडतो. खात्यात पैसे पडून राहायचे दिवस गेले, न वापरलेली खर्चाची मर्यादा ३१ मार्चला परत जाते, आणि पुढच्या वर्षी वर ऐकायला मिळतं, “गेल्या वर्षीचेच कुठे खर्च केलेत?”

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचं, म्हणजे कनिष्ठ संशोधकाचं, विद्यावेतन ३१,००० वरून ३७,००० झालं. चांगलंच झालं. पण प्रकल्पाची मंजुरी जुन्या दराची, म्हणजे माणशी वर्षाला ७२,००० कमी, घरभाडं सोडून. प्रवासाच्या शीर्षात पैसे शिल्लक असले तरी मंजुरीशिवाय ते पगाराकडे वळवता येत नाहीत. ती मंजुरी मागणारं पत्र फेब्रुवारीत घाईघाईने न पाठवता जुलैतच पाठवायला लावणाऱ्याही तुम्हीच.

आपल्या देशात २०२०-२१ मध्ये संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च झाला. तो वाढावा म्हणून निवेदनं निघतात, निघायलाच हवीत. मंजूर झालेला पैसा मात्र गुपचूप परत जातो, त्यासाठी कुणी घोषणा देत नाही. तो थांबवणारं माणूस बहुतेक वेळा तुमच्यासारखं असतं: नियम कुणासाठी वाकवत नाही, पण नियमाच्या आड लपतही नाही. शोधनिबंधाच्या आभारात निधी देणाऱ्या संस्थेचं नाव येतं, लेखा विभागाचं कधीच येत नाही. (यावरून इथे वाद झालाय. पुढच्या निबंधात येईल.)

मूळ बिल व्हाउचरला लागलं. झेरॉक्स कॅनच्या वर भिंतीला चिकटवलीय. पेन्सिलचं अक्षर फिकट आलंय, पण वाचता येतं.

आपले,
तिसऱ्या मजल्यावरचे सगळे