आठ ऑक्टोबरच्या आधी

मिसिसॉगा
29 सप्टेंबर 2025

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

राजगीरची हॉकीची फायनल संपल्यावर तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज ऐकूनच कळलं की डोळे पुसून बोलतोयस. कोरियाला 4-1, आणि आठ वर्षांनी आशिया कप आपला. हीच टीम जूनमध्ये युरोपात ओळीने सात सामने हरत होती. तेव्हा तू दोन आठवडे माझ्याशी धड बोलला नव्हतास. फोन ठेवता ठेवता विचारलंस, "आणि तुझ्या पानवाल्यांचं काय?" पानवाले म्हणजे टोरांटो मेपल लीफ्स, मेपलच्या पानाचं चिन्ह असलेली माझी बर्फावरच्या हॉकीची टीम. मी म्हटलं, पत्र लिहितो. फोनवर सांगून होणारं ते नाही. आज चिऊ झोपलीय, देवघरात घटाशेजारी दिवा तेवतोय, म्हणून बसलो लिहायला.

तू एकदा म्हणाला होतास की खडकीच्या मातीत हॉकी खेळलेल्या माणसाने बर्फावरच्या खेळाच्या मागे लागावं हे तुला कळत नाही. त्याचं श्रेय खडकीलाच आहे रे. कँटोन्मेंटच्या पोरांबरोबर खेळताना आपल्याला पंजाबी आली. 2011 मध्ये इथे आलो, तेव्हा एका तळघरात भाड्याने राहत होतो. एका शनिवारी टीव्ही लावला तर बर्फावरच्या हॉकीची कॉमेंट्री चक्क पंजाबीत चालू. हरनारायण सिंग नावाचा माणूस. 2008 पासून हे लोक करतात. पकला, म्हणजे बर्फावरच्या रबरी चकतीला, 'टिक्की' म्हणतात, आलू टिक्कीतली टिक्की, आणि स्लॅप शॉटला, म्हणजे काठी उगारून हाणलेल्या फटक्याला, 'चपेड शॉट'. इथली इंग्रजी कॉमेंट्री माझ्या डोक्यावरून जायची, पण चपेड म्हणजे चपराक हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. हा खेळ मी असा शिकलो. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, गोली, म्हणजे गोलरक्षक, सोडून पाच जण, आणि चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत दमून बाकावर परत. आपण पस्तीस मिनिटं सलग पळायचो, म्हणून आधी मला हे लुटुपुटीचं वाटलं होतं. पहिल्यांदा काचेजवळ बसून पाहिलं तेव्हा तो वेग कळला, आणि माणूस फळीवर आदळतो तेव्हा आपल्या खुर्चीला बसणारा हादराही.

आणि टीम घेतली ती गावाची. टोरांटो मेपल लीफ्स. शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे इथल्या एनएचएल लीगचं विजेतेपद, 2 मे 1967 ला, माँट्रियलला हरवून. तेव्हा लीगमध्ये सहाच टीम होत्या, आज बत्तीस आहेत. इतकी वर्षं कपाविना काढलेली दुसरी टीम आज लीगमध्ये नाही. आमच्या शेजारचे आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे होते, त्यांनी तो सामना वडिलांशेजारी बसून कृष्णधवल टीव्हीवर पाहिला. आता ते सदुसष्टचे आहेत. गणपतीत मोदक खायला आले होते. मी टीम सोडून गेलेल्या मार्नरचा विषय काढला तर मान हलवून म्हणाले, "आज नको."

मला मात्र बोलायचंय, आणि तुझ्याशीच.

मे महिन्यातलं सांगतो. आमची टीम विभागात पहिली आली. पहिल्या फेरीत ओटावाला काढलं. दुसऱ्या फेरीत, सातांपैकी चार सामने जिंकायच्या मालिकेत, समोर फ्लोरिडा, म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते. पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. तिसऱ्यात 3-1 पुढे होतो, तो ज्यादा वेळेत गेला. चौथा गेला. पाचवा घरच्या मैदानावर, 6-1 ने गेला, आणि लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर भिरकावल्या. ते मला सहन झालं नाही. हरलेल्या पोरांच्या पायाशी आपलंच चिन्ह फेकायचं? मग सहाव्याला तिकडे जाऊन 2-0 ने जिंकले. इतकं नेटकं, इतकं शिस्तीत खेळले की मी रात्रभर झोपलो नाही. वाटलं, या वर्षी गाठ सुटली.

18 मे, रविवार, सातवा सामना, आपल्याच घरी. चिऊने सोळा नंबरची, मार्नरची जर्सी घातली होती. दोन वर्षांपूर्वी घेतलेली, आता बाह्या आखूड होतात. शेजारचे आजोबा आमच्याकडेच बसले होते. पहिल्या भागात गोल नाही. दुसऱ्या भागात सात मिनिटांच्या आत तीन. मी गोलांकडे पाहतच नव्हतो बाळ्या, आमच्या पोरांच्या हातांकडे पाहत होतो. जानेवारीत जी पोरं डोळे झाकून एकमेकांना पास देतात, त्यांच्या काठीवरून टिक्की उसळत होती. मोकळा माणूस दिसत असताना पास मागे दिला जात होता. बाकावर मार्नर ओरडत होता, जागे व्हा म्हणून. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला आमच्या डोमीने एक मारला, चिऊ सोफ्यावर उभी राहिली, आणि ती खाली बसायच्या आत, मिनिटही झालं नसेल, फ्लोरिडाचा चौथा. शेवटी 6-1. पुन्हा तोच आकडा.

तुला आपली शाळेची फायनल आठवते? तू पेनल्टी स्ट्रोक घ्यायला उभा राहिलास. रोज सरावात दहातले दहा मारणारा तू, आणि तो स्ट्रोक गोलीच्या पॅडवर सरळ गेला. घरी जाताना रेल्वे फाटकापाशी थांबून तू मला म्हणालास, "हातात काठी आहे हेच कळत नव्हतं रे." ते वाक्य मी विसरलो नाही. 18 मेला तेच दिसत होतं, वीस जणांच्या हातांत एकदम.

कारण हे एकदा झालेलं नाही. 2013 पासून आम्ही सात वेळा सातव्या सामन्यापर्यंत गेलो आणि सातही वेळा हरलो. पहिल्या वेळी, 13 मे 2013 ला, सामना बोस्टनमध्ये होता आणि मी इथे स्टेडियमबाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यापुढे हजारो लोकांत उभा होतो. तिसऱ्या भागात 4-1 पुढे. आधी एक गोल खाल्ला, मग शेवटच्या दीड मिनिटात आणखी दोन, बरोबरी झाली आणि ज्यादा वेळेत बर्जरॉनने संपवलं. एवढा मोठा चौक इतका गप्प झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. माझ्या पुढे एक सरदारजी मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांनी त्याला हळूच खाली उतरवलं आणि काही न बोलता चालायला लागले. मग 2018, 2019, 2024 पुन्हा बोस्टनच. ब्रॅड मार्शाँ या चारही वेळा त्यांच्याकडे होता. या मार्चमध्ये बोस्टनने त्याला फ्लोरिडाला दिलं, आणि मेमध्ये तो पाचव्यांदा आमच्या समोर उभा. पाच सातवे सामने, पाचही वेळा तो जिंकला. असा खेळाडू आवडत नसला तरी मी त्याला मानतो. त्याचे हात त्या दिवशी गोठत नाहीत.

आमच्याकडे गुण कमी होते असं कोणी म्हणू नये. मॅथ्यूजने 2023-24 मध्ये 69 गोल मारले, मारिओ लेम्युनंतर इतके कोणीच मारले नव्हते. नायलँडरचे गेल्या हंगामात 45. मार्नरचे 102 पॉइंट, म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास मिळून. पण इथे प्रत्येक टीमला पगाराची कमाल मर्यादा असते. गेल्या वर्षी ती 8 कोटी 80 लाख डॉलर होती आणि त्यातले साडेचार कोटींच्या वर फक्त चौघांना जात होते. उरलेल्या पैशांत बाकीची सगळी टीम. चौघांचं चाललं की जानेवारी बहारदार, आणि मेमध्ये ते चौघे अडकले की मागून येणारं कोणी नाही. हे दरवर्षी दिसत होतं आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं जात होतं. माझा राग त्याचा आहे. पोरांवर नाही.

मग मार्नर गेला. 30 जूनला, करार संपता संपता, वेगसकडे, वर्षाला 1 कोटी 20 लाखांवर आठ वर्षांसाठी. बदल्यात निकोला रॉय. बिचारा रॉय चांगला, कष्टाळू सेंटर आहे, पण नऊ वर्षं तुमच्याकडे खेळलेल्या, इथेच मार्कममध्ये जन्मलेल्या पोराच्या बदल्यात एवढंच हाती यावं? वर्षभर आधी निर्णय घ्यायला हवा होता, ठेवायचं तरी किंवा द्यायचं तरी. आणि आपणही, आम्ही प्रेक्षक म्हणतोय मी, त्याला फार छळलं. घरचा पोरगा म्हणून जास्त लाड केले आणि घरचा म्हणूनच जास्त टोचलं. तो गेला त्याचा मला राग नाही. सुटला असंही वाटतं, आणि पोटात तुटतंही.

चिऊला मी सकाळी नाष्ट्याच्या वेळी सांगितलं. काही बोलली नाही. वर गेली, जर्सी घडी करून खालच्या कप्प्यात ठेवून आली. फेकली नाही. ती दहा वर्षांची आहे बाळ्या, आणि त्या बर्फावर जर्सी फेकणाऱ्या मोठ्या माणसांपेक्षा तिला जास्त कळतं.

तर मग यंदा काय? 8 ऑक्टोबरला पहिला सामना आहे, घरी, माँट्रियलशी. आणि मी तुला खरं सांगतो, मला आशा आहे, गेल्या कित्येक वर्षांत नव्हती अशी. एक तर कोच. क्रेग बेरुबे. जानेवारी 2019 मध्ये सेंट लुईस लीगमध्ये तळाला होती, त्याच वर्षी जूनमध्ये याने त्यांना कप जिंकून दिला. हा नक्षीकाम सांगत नाही. टिक्की पुढे टाका, मागे पळा, कोपऱ्यात भिडा, परत करा. हात गोठले तरी पाय चालतात अशी हॉकी आहे ही. मला वाटतं मार्नर गेल्यावर टीमला ती खेळावीच लागेल. एका माणसाच्या शंभर पॉइंटची भरपाई एक माणूस करू शकत नाही, चार-पाच जणांनी थोडं थोडं उचलायला हवं. रॉय आहे, मॅकेली आहे, जोशुआ आहे. नाईज बावीस वर्षांचा, 29 गोल मारलेला, गोलीच्या तोंडापुढे जाऊन उभा राहतो आणि हलवता हलत नाही.

गोली स्टोलार्झ. गेल्या हंगामात लीगमधली सगळ्यात चांगली सेव्हची, म्हणजे अडवलेल्या फटक्यांची, टक्केवारी त्याची. फ्लोरिडाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात डोक्याला कोपर लागलं आणि तो पुन्हा त्या मालिकेत खेळला नाही. तो उभा असता तर? हा प्रश्न मी उन्हाळाभर चघळलाय.

आणि ताव्हारेस. मिसिसॉगात जन्मलेला. लहानपणी लीफ्सच्या चादरीत झोपायचा, 2018 मध्ये इथे आला तेव्हा त्याने तोच जुना फोटो टाकला होता. तेव्हा वर्षाला 1 कोटी 10 लाख होते, आता 44 लाखांच्याही खाली राहायला तयार झाला, चार वर्षांसाठी. याच महिन्यात पस्तिशी झाली त्याची, गेल्या हंगामात 38 गोल आहेत. मागच्या वर्षी त्याने कॅप्टनपद मॅथ्यूजला दिलं आणि पत्रकारांपुढे त्याच्या शेजारी बसला. असा माणूस ज्या खोलीत असेल तिथे काहीतरी चांगलं होईल, असं मला मनापासून वाटतं.

भीती कसली ते पण सांगतो. मॅथ्यूज. गेल्या वर्षी दुखापतीने बेजार होता, 33 गोलांवर अडला. तो बरा असेल तर सगळं शक्य आहे. नसेल तर मी सांगितलेलं सगळं कागदावरच राहील. आणि मेमध्ये पुन्हा सातवा सामना आला, तर? त्याचं उत्तर बेरुबेकडेही असेल असं नाही.

म्हणून तुलाच विचारतो. फायनलच्या पुढच्या वर्षी उपान्त्य सामन्यात स्ट्रोक मिळाला तेव्हा सरांनी दुसऱ्याला बोलावलं होतं. तू त्याच्या हातून काठी घेतलीस आणि स्वतः उभा राहिलास. वरच्या उजव्या कोपऱ्यात. मी डी-बाहेर उभा होतो, तुझा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते. त्या वर्षभरात काय केलंस रे? मी कधी विचारलंच नाही. कळव.

शनिवारी सकाळी सहाला चिऊचा सराव असतो. बाहेर अंधार, आत रबराच्या जमिनीचा आणि ओल्या हातमोज्यांचा वास. मी गुडघ्यावर बसून तिच्या स्केट्सच्या नाड्या ओढतो. मेण लावलेली नाडी असते, बोटांवर लाल वळ उठतात. ती वरून म्हणत राहते, "अजून घट्ट, बाबा." परवा नाडी बांधताना हळूच विचारलं तिने, "आठ तारखेला मी सोळा घालू का?"

मी म्हटलं, घाल. म्हणाली, "लोक काही म्हणाले तर?" म्हटलं, आपण घरीच बघणार आहोत. मग थोडा वेळ विचार करून म्हणाली की जानेवारीत वेगस इथे येईल तेव्हा घालेन, तोवर काकांनी पाठवलेली भारताची निळी घालते. म्हणजे तू पाठवलेली.

तर नऊ तारखेला पहाटे साडेचारचा गजर लाव. तिला तुझ्याशी व्हिडिओवर बोलायचंय, जर्सी घालून. वहिनींना आणि आईंना नमस्कार सांग. दसऱ्याचं सोनं माझ्या वाटचं तूच दे त्यांना.

तुझा,
बंड्या