‘ओसरलेले पाणी’च्या मुखपृष्ठाविषयी आई-बाबांना

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी मुखपृष्ठाचा विषय काढला आणि बाबा, तुम्ही गप्प झालात. पुढे आई बोलली, पण तुमचे मन दुखावले गेले हे मला कळले. सगळे नीट सांगायचे तर लिहूनच सांगावे, म्हणून हे पत्र. आधीच स्पष्ट करते की तुमच्या मजकुरातला काना-मात्राही मला बदलायचा नाही. सहा वर्षे तुम्ही लिहीत होतात, आईने तीनदा मुद्रिते तपासली आणि स्वतःच्या पैशांनी तुम्ही पाचशे प्रती छापल्यात. त्या कादंबरीला तिच्या तोलामोलाचे मुखपृष्ठ मिळावे, एवढेच माझे मागणे आहे.

सध्याच्या मुखपृष्ठावर धरणाचे चित्र आहे. दगडी भिंत, ओळीने उघडलेले दरवाजे आणि त्यांतून कोसळणारे पांढरेशुभ्र पाणी. बाबा, तुमच्या अकराव्या प्रकरणात तुम्हीच किती नेमके लिहिले आहे की, पानशेतचे धरण मातीचे होते, त्याचे काम पुरते संपलेलेही नव्हते, पाणी सोडण्याच्या भुयारी मोरीपाशी भराव खचू लागला आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही १२ जुलै १९६१ च्या सकाळी ते फुटले. त्यानंतर खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. ज्या पुण्यात आजही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी कालगणना करणारी माणसे आहेत, तिथल्या वाचकाच्या हाती आपण भलत्याच धरणाचे चित्र दिले आहे. मलपृष्ठावरच्या वाड्याचेही तसेच. तो आपला वाडा नाही. आपल्या दिंडीदरवाजाला कमान नव्हती, हे तुम्हीच मला पाटीवर काढून दाखवले होते. शिवाय ही दोन्ही चित्रे इंटरनेटवरून उतरवलेली आहेत. ती कोणाची आहेत हे आपल्याला ठाऊक नाही आणि प्रकाशक आपणच असल्यामुळे उद्या कोणी हक्क सांगितला, तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. ज्यांनी ते काम केले त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी बहुधा कादंबरी वाचली नव्हती आणि आपणही त्यांना ती वाचायला दिली नव्हती.

आता अक्षरांविषयी लिहिते, कारण माझा खरा जीव तिथे अडकला आहे. ‘ओसरलेले’ या शब्दात दोन ल शेजारी-शेजारी येतात आणि मुखपृष्ठावर ते दोन्ही हिंदी वळणाचे, उभ्या दांड्याचे पडले आहेत. आपण शाळेत गिरवला तो दोन पाकळ्यांचा ल निराळा, आणि राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तोच मराठीचा म्हणून दिलेला आहे. संगणकाच्या लेखी हे दोन्ही ल एकच असतात. चांगल्या फॉण्टमध्ये मराठी रूप आत ठेवलेले असते आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले की ते उमटते. तेवढे सांगायचे राहून गेले. बाबा, माझ्या लहानपणी तुम्ही वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून ठेवत होतात आणि कमल शेडगे यांनी काढलेली अक्षरे मला दाखवून म्हणत होतात की, नाव वाचण्याआधीच नाटक कसले आहे ते कळते. ती नजर मला तुम्ही दिलीत, त्यामुळे तुमच्याच पुस्तकाच्या नावावर परके ल पाहणे मला जड जाते.

माझ्या मनात जे आहे ते असे. आईच्या कपाटात, पैठणीच्या खाली, आजोबांच्या दुकानाची खतावणी आहे. पुरातून हाती लागलेली ती एकच वही. तिचे मधले एक पान मी दिवाळीत बराच वेळ पाहत बसले होते. वरच्या दहा-बारा ओळींतली मोडी अक्षरे अजून स्वच्छ आहेत, प्रत्येक ओळीची रेघ आधी सलग ओढून मग तिला अक्षरे लटकवलेली, बोरू जिथे पुन्हा शाईत बुडवला तिथे ती अंमळ गडद झालेली. त्याखाली पानभर तिरकी गेलेली एक तपकिरी कड आहे, चहाचा डाग वाळतो तशी. तिच्या खाली सगळी शाई पसरून निळसर-करडा ढग झाला आहे आणि त्यात फक्त एक आकडा वाचता येतो. पाणी तिथवर आले होते. बाबा, तुमची सगळी कादंबरी त्या कडेच्या वर आणि खाली घडते.

मला ते पानच मुखपृष्ठावर हवे आहे. त्यावर दुसरे चित्र नको, वाडा नको, धरणही नको. कादंबरीचे नाव हाताने लिहून घ्यावे आणि त्याची शिरोरेषा त्या पाण्याच्या कडेवर टेकवावी, म्हणजे ती कड नावातून निघून कण्यावरून मलपृष्ठापर्यंत सलग जाईल. मलपृष्ठावर छायाचित्र न छापता फक्त पाठराखणीचा मजकूर ठेवावा, आणि तो आईने लिहावा. आजीचा फोटो आत, अर्पणपत्रिकेसमोर घ्यावा. सध्या मुखपृष्ठावर तो टपाल-तिकिटाएवढा झाला आहे आणि तिचा चेहराही दिसत नाही.

छपाईच्या बाबी मी पाहीन. पुस्तक ३१२ पृष्ठांचे म्हणजे १५६ पानांचे आहे. आपल्या कागदाच्या जाडीने कणा साधारण १६ मिलिमीटर भरतो, तो मागच्या वेळी कमी धरल्यामुळे नाव घसरून पुढच्या बाजूला आले होते. या वेळी छापखान्याकडून कोऱ्या पानांची नमुनाप्रत बांधून घेऊन तिचा कणा मोजायचा, मगच मुखपृष्ठ पक्के करायचे. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट हवे, नाहीतर जुना कागद प्लॅस्टिकसारखा दिसेल. मजकूर आणि आकार तेच राहणार असल्यामुळे आयएसबीएन बदलावा लागणार नाही. उरलेल्या एकशे चाळीस प्रतींची काळजी करू नका. त्या फाडायच्या नाहीत, त्यांच्यावर याच चित्राचे कागदी वेष्टन घालता येईल.

आई, तुला एक विचारायचे आहे. ती वही तू आजवर कोणाला दाखवली नाहीस, मलाही योगायोगानेच दिसली. ते पान लोकांसमोर जावे असे तुला मनापासून वाटत नसेल तर तसे सांग, मी दुसरा विचार करीन. बाबांना बरे वाटावे म्हणून किंवा माझा हट्ट म्हणून हो म्हणू नकोस.

तुमचा दोघांचा होकार असेल तर वही कुरिअरने पाठवू नका आणि झेरॉक्सच्या दुकानातही नेऊ नका, पाने उलगडताना कडा झडतात. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी येते आणि घरीच, खिडकीपाशी, तिचा वरून फोटो काढून घेते. तोवर बाबा, त्या पानावर उरलेला तो आकडा कशाचा असेल, हे जरा आठवून ठेवा.

तुमची,
धाकटी