पिल्लू दूध घेऊ लागलंय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी अगदी मजेत आहे, काळजी करू नका. परवा फोनवर आई म्हणाली, "उंदराला भरवायला गेलीस का एवढ्या लांब?" ते मनाला लागलं, म्हणून नीट लिहिते.

तो गिनीपिग आहे. उंदराचा नातलग असला तरी बिळातला, गटारातला नव्हे. घरमालकीणबाईंच्या मादीला चार पिल्लं झाली आणि तिला आचळं दोनच असतात. मग दांडगी पिल्लं पुढे घुसतात. चौथं जन्मलं तेच ५० ग्रॅमच्या आत, ते मागेच राहायचं. बाई रात्रपाळीला असतात, म्हणून रात्रीचं भरवणं मी घेतलं. कोणी गळ्यात मारलेलं नाही.

आई, तू बघायला हवं होतंस! ही पिल्लं आईच्या पोटात दोन महिन्यांहून जास्त राहतात, त्यामुळे जन्मतःच अंगावर केस, डोळे उघडे, तोंडात दात. भरवायला बिनसुईची १ मिलीची सिरिंज. त्याला पालथंच, डोकं जरा वर ठेवून धरायचं, उताणं कधीही नाही. ओठाच्या कडेला एक थेंब ठेवायचा, त्यानं गिळला की मगच दुसरा. घाई केली तर दूध फुप्फुसात जातं आणि जीव जातो. मिशा थरथरतात, इवलासा जबडा हलतो, निम्मं दूध माझ्या बोटावरच सांडतं. नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खालून हलकेच पुसलं की शू करतं. मग लगेच आईच्या कुशीत, कारण ऊब तिचीच लागते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लाला टाकेल, ही भीती मलाही होती, पण ती टाकत नाही.

इथली एक गोष्ट मात्र मला अजून नवलाची वाटते. रोज सकाळी ठरल्या वेळी चारही पिल्लांना एकेक करून वाडग्यात बसवून काट्यावर ठेवतात आणि ग्रॅम वहीत लिहितात. मोठ्यांचंही दर आठवड्याला वजन, त्याचं पान वेगळं. वाडग्याचं वजन आधी वजा करायचं, पिल्लू हललं तर पुन्हा ठेवायचं. कारण विचारलं तर बाई म्हणाल्या, हा जीव दुखणं लपवतो, बाहेरून काही कळत नाही, आधी वजन उतरतं. आता मीही आकडा बघितल्याशिवाय कामावर जात नाही. आज तो वर सरकलाय.

बाबा, हात साबणानं धुते, कामावर परिणाम नाही, झोप सुट्टीच्या दिवशी भरून काढते.

आई, आजीला भरवताना तिला नीट टेकवून बसवतेस ना? ठसका लागला तर लगेच थांब. हे तुला मी सांगावं, तेही इथे बसून, याचं फार वाईट वाटतं. रात्री सिरिंज धुताना हटकून तुझी आठवण येते.

या महिन्याचे पैसे पाठवलेत. आजीच्या मदतीला बाई ठेवा, त्यासाठी वेगळे जास्त टाकलेत, ते हप्त्यात घालू नका. दादाच्या लग्नाला रजेचा अर्ज दिलाय. मंजूर झाली तर आदल्या दिवशी पोचेन, नाही झाली तर वहिनीला मीच फोन करून सांगेन, तुम्ही काही सांगू नका. आणि तुम्ही पाठवलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो, पण त्याला यंदा शब्द देऊ नका. दादाचं कार्य होऊ दे, मग मी स्वतः बोलते.

आजीला नमस्कार.

तुमची,
ताई