वेताळाचे डोळे झाकलेलेच राहू द्या

महोदय,

सुपरहीरोचा नवा चित्रपट लागला की माझा नातू पहिल्याच दिवशी पणजीला पळतो. जावेसे मलाही वाटते, पण मनात धाकधूक असते. १९७०च्या दशकात फोंड्यात आम्ही भावंडे इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकासाठी भांडायचो. आमोण्याच्या ग्रामदैवत वेताळाला नारळ ठेवणारे आमचे घर, त्यामुळे त्या अंकांतला कवटीची अंगठी घालणारा हा दुसरा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, कधी परका वाटलाच नाही.

मुखवटा चढवला की अमेरिकी चित्रकथाकार ली फॉकच्या या नायकाची बुबुळे दिसत नाहीत, नुसती पांढरी जागा दिसते. सारा दरारा तिथेच आहे! १९९६च्या इंग्रजी चित्रपटात जांभळा पोशाख होता, पांढरा घोडा होता, पण मुखवट्यातून नटाचे डोळे दिसले आणि माझा वेताळ हरवला.

आता तंत्र खूप पुढे गेले आहे. वेताळाची कवटीची गुहा पडद्यावर जिवंत होईल, ही आशा मी सोडलेली नाही. भीती एकच, हाणामारीच्या गदारोळात त्याचा अबोलपणा चिरडला जाईल. पुन्हा चित्रपट काढणाऱ्यांनी आधी जुने अंक वाचावेत, आणि तो मराठीतही आणावा.

– एक वाचक, फोंडा